ऑफिसातलं नेटवर्क: कुठला डबा काय करतो आणि नेट गेल्यावर कुठून सुरुवात करायची

ऑफिसच्या नेटवर्कची जबाबदारी कुणी मागून घेत नाही, ती अंगावर पडते. प्रिंटरमध्ये अडकलेला कागद तुम्ही एकदा सगळ्यांसमोर काढून दाखवता, आणि पुढच्याच आठवड्यात साहेब म्हणतात, "तुम्हाला कॉम्प्युटरमधलं कळतं ना, जरा नेटचंही बघत जा." मग पाण्याच्या जारमागे डोकावलं की चार-पाच डबे लुकलुकत असतात. त्यावर धूळ, मागे वायरींचा गुंता, आणि कुठला डबा कशासाठी आहे हे सांगणारा माणूस तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेला.

मी अशीच छोटी ऑफिसं जोडतो. सीए, वकील, पॅथॉलॉजी लॅब, एखादी पतसंस्था. खाली लिहिलंय ते दहा-पंधरा कॉम्प्युटरच्या ऑफिसासाठी आहे. उदाहरण म्हणून साताऱ्यातलं एक सीए ऑफिस डोळ्यासमोर धरू. दोन खोल्या, एक केबिन, बारा कॉम्प्युटर, दोन प्रिंटर, हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅली, आणि जुलैअखेरीला रिटर्न भरणाऱ्यांची जिन्यापर्यंत रांग.

डब्यांची नावं नंतरही पाठ होतील. आधी हे शोधायचं की हा डबा बंद पडला तर ऑफिसातलं नेमकं काय थांबतं. एवढं ज्याला सांगता येतं, त्याला निम्मं नेटवर्क आलं.

पहिली पायरी: वायरीवर बोट ठेवून चाला

ऑफिस रिकामं असेल असा शनिवार संध्याकाळचा तास निवडा. एक कोरा कागद, मार्कर आणि कागदी चिकटपट्टी घ्या. बाहेरून भिंतीतून जी बारीक वायर आत येते तिथून सुरुवात करा आणि बोट ठेवून तिच्या मागे जा. ती ज्या डब्यात शिरते तो कागदावर चौकोन. त्यातून निघणारी वायर पुढे कुठे जाते, तिथे दुसरा चौकोन. अशा रीतीने शेवटच्या टेबलापर्यंत जा. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना पट्टी लावून एकच नाव लिहा, "केबिन", "रिसेप्शन", "मोठा प्रिंटर". दोन्ही टोकांना, हे महत्त्वाचं. एकाच टोकाला लावलेली चिठ्ठी बिघाडाच्या दिवशी काहीच कामाची नसते, कारण तुम्ही नेहमी दुसऱ्या टोकाशी उभे असता.

या तासात एखादी वायर निघेल जी कुठेच जात नाही. ती काढून ड्रॉवरमध्ये ठेवा. लोंबती ठेवू नका. का, ते स्विचपाशी सांगतो.

दुसरी पायरी: बाहेरून येणारा उजेड

हल्ली बहुतेक ठिकाणी नेट फायबरवरून येतं. फायबर म्हणजे केसाइतकी बारीक काच आणि तिच्यातून धावणारा उजेड. तो उजेड तुमच्या कॉम्प्युटरला समजेल अशा विजेच्या इशाऱ्यांत बदलतो तो पहिला डबा, ओएनटी. फायबरवाली पोरं त्याला सरसकट "मोडेम" म्हणतात. तुम्हीही म्हणा, फक्त काम लक्षात ठेवा.

या डब्यावरचे दोन दिवे ओळखले की पुरतं. "पॉन" नावाचा हिरवा दिवा स्थिर असेल तर कंपनीकडून उजेड येतोय. "एलओएस" नावाचा दिवा लाल लुकलुकत असेल तर उजेड येत नाही. कुठेतरी रस्ता खणताना वायर तुटली असेल, नाहीतर तुमच्याच भिंतीवर ती मुरगळली असेल. लाल दिवा दिसला की ऑफिसातले बाकीचे डबे बंद-चालू करण्यात काही अर्थ नाही. कंपनीला फोन करायचा.

पण फोनआधी एकदा भिंतीकडे बघा. एका ऑफिसात दिवाळीच्या साफसफाईत शिपाईमामांनी लोंबणारी पिवळी वायर छान घट्ट गुंडाळून खिळ्याला टांगली होती. दिसायला एकदम टापटीप. फायबरला मात्र असा करकचून वळसा चालत नाही, वळणावर उजेड काचेबाहेर निसटतो. वेटोळं सैल केलं, लाल दिवा गेला. आणि ती हिरवी पिन उपसून टोकात डोळा घालून बघायचा मोह आवरा. उजेड अवरक्त असतो, दिसत नाही, पण असतो.

एक घोळ इथेच मिटवू. कंपनी जो डबा बसवून जाते त्या एकात बरेचदा चार कामं असतात. ओएनटी, राउटर, स्विच आणि वायफाय. घरात तेवढं पुरतं. ऑफिसात माणसं वाढतात तसं एकेक काम वेगळ्या डब्याकडे जातं. तेव्हा चित्र काढताना डब्याचा एकच चौकोन काढा, पण आत चारही कामं लिहा.

तिसरी पायरी: राउटर, म्हणजे ऑफिसची आवक-जावक

सरकारी कचेरीत बारनिशीचं टेबल असतं. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्राला जावक क्रमांक पडतो, बाहेरच्या जगाला पत्ता फक्त कचेरीचा दिसतो, आणि उत्तर आलं की बारनिशीवाला वहीत बघून ते योग्य टेबलावर पोचवतो. राउटर हेच करतो. बाराही कॉम्प्युटर बाहेर जातात ते एकाच पत्त्यावरून, आणि कुणाची मागणी कुठली हे राउटर आपल्या वहीत टिपून ठेवतो.

हा उद्योग करावा लागतो कारण जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते, म्हणजे नेटवर यंत्राला ओळखणारे आकडे, जगभरात मिळून साधारण ४३० कोटीच आहेत. म्हणून काही पत्ते फक्त आतल्या वापरासाठी राखून ठेवले गेले. १९९६ सालच्या नियमपत्रात त्यांचे तीन गट दिलेत, त्यातला १९२.१६८ ने सुरू होणारा गट तुम्ही रोज बघता. साताऱ्यातल्या ऑफिसात १९२.१६८.१.१० असेल तसा तो नागपुरातल्या दुकानातही असेल, भांडण होत नाही, कारण तो पत्ता राउटरच्या बाहेर पडतच नाही.

आता टंचाई एवढी झालीय की काही कंपन्या स्वतःकडेही एक मोठी बारनिशी ठेवतात आणि अनेक ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता वापरतात. "घरून ऑफिसचा कॅमेरा दिसत नाही" या तक्रारीच्या मुळाशी बऱ्याचदा हेच असतं. राउटरच्या पानावर (ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकला की उघडतं ते) बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्यामधला दिसला तर तुमचा नंबर त्या सामाईक बारनिशीत आहे. कॅमेऱ्याच्या सेटिंगशी झगडू नका, कंपनीकडून स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त तुमचा, न बदलणारा पत्ता घ्या.

राउटरचं दुसरं काम म्हणजे आत आलेल्या प्रत्येक यंत्राला पत्ता वाटणं. याला डीएचसीपी म्हणतात. कॉम्प्युटर सुरू झाला की ओरडतो, "मला पत्ता द्या", आणि राउटर देतो. यात एक नियम पाळायचा. वाटणारा एकच हवा. तो नियम मोडला की काय होतं ते मी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात भोगलंय.

सकाळी फोन आला, "सर, अर्ध्या जणांचं नेट चालतंय, अर्ध्यांचं नाही. आणि ज्यांचं चालतंय त्यांचं मधेच जातं." ओएनटी हिरवा, राउटर ठीक. मी वायरी बदलल्या, स्विच बंद-चालू केला, कंपनीला फोन लावून उगाच दोन शब्द सुनावले. दोन तास गेले. मग जे पहिल्या पाच मिनिटांत करायला हवं होतं ते केलं. नेट बंद पडलेल्या एका कॉम्प्युटरवर स्टार्टमध्ये सीएमडी (हुकूम टाइप करायची काळी खिडकी) उघडून आयपीकॉन्फिग लिहिलं, की त्याला मिळालेला पत्ता दिसतो. ऑफिसचे पत्ते १९२.१६८.१ चे, आणि याला मिळाला होता १९२.१६८.० चा. म्हणजे ऑफिसात दुसरा कुणीतरी पत्ते वाटत होता. मागच्या खोलीत आर्टिकलशिप करणाऱ्या एका मुलाने मोबाइलला रेंज यावी म्हणून घरचा जुना राउटर आणून ऑफिसच्या वायरीला त्याच्या लॅनच्या, म्हणजे आतल्या नेटवर्कच्या पिनेत जोडला होता. तो बिचारा राउटर घरी करायचा तेच काम इथेही इमानेइतबारे करत होता. हाकेला ज्याचं उत्तर आधी येईल त्याचा पत्ता कॉम्प्युटर घेत होते.

राउटर फेकायची गरज नव्हती. त्यातलं पत्ते वाटणं बंद केलं, त्याला स्वतःला १९२.१६८.१ मधला एक रिकामा पत्ता दिला, वायर लॅनच्याच पिनेत ठेवली. आता तो फक्त वायफायचं काम करतो.

आयपीकॉन्फिगमध्ये १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर अर्थ वेगळा. वाटणारा सापडलाच नाही, म्हणून कॉम्प्युटरने स्वतःच काहीतरी पत्ता घेतलाय. मधली वायर, स्विच किंवा खुद्द राउटर, यांपैकी काहीतरी गेलंय.

प्रिंटरला मात्र रोज नवा पत्ता मिळता कामा नये. राउटरच्या पानावर डीएचसीपीखाली "रिझर्वेशन" असतं. तिथे प्रिंटरचा एक पत्ता कायमचा बांधून टाका. "काल चालत होता, आज ऑफलाइन दाखवतोय" या तक्रारी एकदम कमी होतात. तिथे गेलाच आहात तर राउटरचा मूळ पासवर्डही बदला. तो डब्याच्या बुडाशी छापलेला असतो आणि ऑफिसात येणारा कुणीही वाचू शकतो.

चौथी पायरी: स्विच

राउटर बाहेरचा व्यवहार बघतो, स्विच आतला. राउटरला बहुधा चारच पिना असतात आणि टेबलं बारा. म्हणून राउटरमधून एक वायर सोळा पिनांच्या स्विचमध्ये आणि तिथून टेबलोटेबली. प्रत्येक यंत्राच्या नेटवर्क कार्डाला कारखान्यातूनच एक ओळख मिळालेली असते, बारा आकडे-अक्षरांचा मॅक पत्ता. कुठल्या पिनेच्या मागे कुठला मॅक पत्ता आहे हे स्विच बघून बघून शिकतो आणि मजकूर त्याच पिनेला देतो. पूर्वीचे हब हे शिकत नसत. एकाचं बोलणं सगळ्यांच्या कानावर घालत. हब आता भंगारातच दिसतात.

स्विच गेला तर काय थांबतं? नेट तर जातंच, पण प्रिंट आणि टॅलीही थांबतात. ही खूण सोन्यासारखी आहे. नेट नाही पण प्रिंट निघतेय, तर स्विच ठीक आहे, पुढे राउटरकडे जा. दोन्ही नाही, तर आधी स्विचकडे बघा.

आता ती लोंबती वायर. कुणीतरी झाडताना तिचं सुटं टोक बघतो, "राहिली वाटतं" म्हणून भल्या बुद्धीने ते स्विचच्या रिकाम्या पिनेत खोचतो. दुसरं टोक आधीच त्याच स्विचमध्ये असतं. झालं. मजकूर एका पिनेतून बाहेर पडतो, दुसरीतून परत आत येतो, पुन्हा सगळ्यांना पाठवला जातो, पुन्हा परत येतो. या पातळीवर मजकुराला वय नसतं, तो आपोआप मरत नाही. काही क्षणांत सगळं ऑफिस ठप्प होतं आणि स्विचचे सगळे दिवे एका तालात पिसाटासारखे लुकलुकतात. असं दिसलं की एकेक वायर उपसत जा. जिच्यामुळे दिवे शांत होतील ती गुन्हेगार.

या फेऱ्यावरचा इलाज राडिया पर्लमन या अभियंत्याने १९८५ मध्ये शोधला. स्विच आपसात बोलून फेरा ओळखतात आणि एक वाट बंद ठेवतात. पण हजार-बाराशेच्या साध्या स्विचमध्ये तो सहसा नसतो. म्हणून चिकटपट्टी आणि मार्कर.

वायर, जिच्यावर पैसे वाचवू नयेत

स्विच बदलायला दहा मिनिटं लागतात. भिंतीतली, केसिंग-पट्टीतली वायर बदलायला रविवार जातो. तरी लोक वायरीत पैसे वाचवतात. कॅट ६ घ्या आणि पूर्ण तांब्याची घ्या. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर सर्रास मिळते. आतली तार ब्लेडने खरवडा, पांढरी चमकली तर परत करा. एका तुकड्याची लांबी शंभर मीटरच्या आत हवी, आणि विजेच्या वायरीला चिकटवून नेऊ नका.

आत आठ तारा असतात. पिन मारताना रंगांचा क्रम दोन्ही टोकांना सारखा ठेवायचा. आपल्याकडे चालणारा क्रम असा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. मधली निळी जोडी हिरव्यांच्या पोटात बसते. नवखे नेमके तिथेच चुकतात.

गंमत अशी की आठांतल्या चारच तारा धड असल्या तरी नेट चालतं. शंभर एमबीपीएसला तेवढ्या पुरतात, हजारला आठही लागतात. त्यामुळे तपकिरी तार तुटली तर बंद काहीच पडत नाही, फक्त "माझाच कॉम्प्युटर स्लो आहे" अशी कुरकुर सुरू होते. विंडोजच्या इथरनेट सेटिंगमध्ये लिंक स्पीड बघा. बाकीच्यांना १००० आणि याला १०० दिसलं तर कॉम्प्युटरला शिव्या देण्याआधी पिन पुन्हा मारा.

वायफाय

वायफाय देणाऱ्या डब्याला ॲक्सेस पॉइंट म्हणतात. तो वायरीचं नेट हवेत सोडतो, बाकी काही नाही. २.४ गिगाहर्ट्झ भिंतीपलीकडे पोचतं पण गर्दीचं, ५ गिगाहर्ट्झ वेगवान पण एका भिंतीतच दमतं. २.४ वर चॅनेल १, ६ किंवा ११ यांतलंच घ्या, बाकीची चॅनेलं शेजारच्यांच्या अंगावर येतात. येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी वेगळं गेस्ट वायफाय ठेवा. आणि टॅलीचा कॉम्प्युटर वायफायवर चालवू नका. मधेच कनेक्शन तुटलं तर डेटा बिघडण्याची भीती असते.

पाचवी पायरी: सर्व्हर शोधा

"आमच्याकडे सर्व्हर नाही" असं म्हणणाऱ्या प्रत्येक ऑफिसात मला किमान तीन सापडलेत. सर्व्हर हे यंत्राचं नाव असण्यापेक्षा कामाचं नाव आहे. जो दुसऱ्याने मागितलेलं देतो तो सर्व्हर. पत्ते वाटणारा राउटर हाही डीएचसीपी सर्व्हरच. साताऱ्याच्या ऑफिसात कोपऱ्यातल्या जुन्या डेस्कटॉपवर "बंद करू नये" असा कागद चिकटवलाय. टॅलीचा डेटा आणि क्लायंटच्या फाइली तिथे आहेत, तो झाला फाइल सर्व्हर. त्याला प्रिंटर जोडून सगळ्यांना वापरायला दिलाय, म्हणून तोच प्रिंट सर्व्हरही. मेल आणि वेबसाइटचे सर्व्हर ऑफिसात नसतात. ते कुठल्यातरी डेटा सेंटरमध्ये असतात आणि तसंच असू द्यावं.

साध्या विंडोजवर फाइली शेअर करताना एका वेळी वीसच कनेक्शनं चालतात. बारा जणांना पुरतं. माणसं वाढली की नॅस घ्या, म्हणजे फक्त फाइली सांभाळणारा, दोन-चार डिस्कांचा छोटा डबा. त्यात दोन डिस्कांवर एकच मजकूर ठेवायची सोय असते. एक डिस्क मेली तर दुसरीवर काम चालतं. याला लोक बॅकअप समजतात आणि फसतात. कुणी चुकून फोल्डर उडवला तर तो दोन्हीकडून त्याच क्षणी उडतो. बॅकअप म्हणजे वेगळी डिस्क, आठवड्यातून दोनदा जोडायची आणि काम झालं की काढून घरी न्यायची. कायम जोडलेली डिस्क खंडणीखोर व्हायरस बाकीच्या फाइलींबरोबरच कुलूपबंद करतो. तो आत शिरण्याची एक आवडती वाट म्हणजे रिमोट डेस्कटॉपसाठी, म्हणजे लांबून ऑफिसचा कॉम्प्युटर चालवण्यासाठी, राउटरवर उघडं टाकलेलं ३३८९ नंबरचं पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार. कुणी "घरून काम करायला" ते उघडून गेलं असेल तर आजच बंद करा.

राहिला डीएनएस. साइटचं नाव दिलं की तिचा आयपी पत्ता सांगणारा सर्व्हर. ही पद्धत १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी घालून दिली. तो अडला की चमत्कारिक अवस्था होते. नेट असतं, पण कुठलीच साइट उघडत नाही.

विजेचं बघा

लाईट गेली, कॉम्प्युटर यूपीएसवर चालू आणि नेट गायब. कारण ओएनटी, राउटर आणि स्विच साध्या बोर्डात. या तिघांना मिळून वीज अगदी थोडी लागते, एक छोटा यूपीएस त्यांनाच द्या. "बंद करू नये" वाल्या डेस्कटॉपला मात्र स्वतःचा. एप्रिल-मेमध्ये वळवाची चिन्हं दिसली आणि ऑफिस बंद करून निघत असाल तर बोर्डाचे प्लग उपसूनच निघा. फायबर काचेचं असतं, त्यातून वीज येत नाही, पण ॲडॅप्टरमधून आणि गच्चीवरून नेलेल्या तांब्याच्या वायरीतून येते.

नेट गेलं की या क्रमाने

आधी विचारा, एकाचं गेलंय की सगळ्यांचं? एकाचं असेल तर त्याची वायर आणि पिन. सगळ्यांचं असेल तर एखादी प्रिंट काढून बघा, म्हणजे स्विच कळला. मग ओएनटीचे दिवे. ते हिरवे असतील तर सीएमडीमध्ये तीन वेळा पिंग करा, म्हणजे पत्त्याला हाक मारून उत्तर येतं का बघा. पहिलं राउटरला, म्हणजे १९२.१६८.१.१. उत्तर नाही आलं तर घोळ घरातच आहे. दुसरं ८.८.८.८ ला, म्हणजे बाहेरच्या, गूगलच्या डीएनएस सर्व्हरला. राउटर बोलतोय पण इथून उत्तर नाही, तर घोळ बाहेर, कंपनीकडे. तिसरं एखाद्या साइटच्या नावाला. आकड्याला उत्तर येतं आणि नावाला नाही, तर डीएनएस. राउटरमध्ये डीएनएस म्हणून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ घालून बघा.

बंद-चालू करायचंच असेल तर सगळं एकदम नको. ओएनटी, मग दोन-तीन मिनिटं थांबून राउटर, मग स्विच, शेवटी कॉम्प्युटर. बाहेरून आत. घाईघाईत सगळे प्लग एकदम ओढणारा माणूस नेट चालू करतोही कधीकधी, पण बिघाड कुठे होता हे त्यालाही कळत नाही आणि मंगळवारी पुन्हा तेच होतं.

शनिवारी काढलेलं चित्र, नेट कंपनीचा ग्राहक क्रमांक आणि तक्रारीचा फोन नंबर हे डबे ठेवलेल्या रॅकच्या दारावर आतल्या बाजूने चिकटवा. राउटरचा पासवर्ड पाकिटात घालून साहेबांच्या कपाटात. हे सगळं फक्त तुमच्याच मोबाइलमध्ये ठेवलंत, तर तुम्ही गावच्या जत्रेत पालखीमागे चालत असताना फोन वाजणार, आणि पलीकडून विचारणार, "अहो, तो लाल दिवा कुठल्या डब्यावरचा म्हणालात?"